कोकण किनाऱ्यावर क्लीटची पेडलं घेताना: आधी बूट, मग क्लीट, शेवटी पेडल

दसऱ्याच्या आसपास पाऊस सरून रस्ते कोरडे झाले की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येऊ लागतो: "पेडलं सवलतीत मिळाली म्हणून घेऊन ठेवलीत, आता त्याला बूट कुठले घेऊ?" चूक प्रश्नातच आहे. पेडल ही या खरेदीतली शेवटची वस्तू. सायकलवरून उतरून तुम्ही कुठे आणि किती चालता, ते आधी पाहायचं. त्यावरून बूट ठरतो, बुटावरून क्लीट (बूट पेडलात अडकवणारा, तळाला लावायचा तुकडा), क्लीटवरून पेडल. उलट्या वाटेने गेलेल्यांची पेडलं पुढच्या पावसाळ्याआधी 'जवळजवळ नवीन' म्हणून विकायला निघतात. त्यातली एक जोडी माझी होती.

नावाचा घोळ आधी मिटवू. या पेडलांना 'क्लिपलेस' म्हणतात, पण त्याचा अर्थ मोकळा पाय नव्हे. जुन्या पेडलाला पुढे पिंजरा आणि चामडी पट्टा असायचा, त्या पिंजऱ्याला क्लिप म्हणत. तो गेला म्हणून क्लिपलेस. पाय अडकतोच, पण बुटाच्या तळाला लावलेल्या क्लीटने. टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटतो. दुकानात 'क्लिप नसलेली द्या' म्हणालात तर साधी चपटी पेडलं हातात पडतील.

टप्पा १: दोन रविवार नुसतं मोजा

काहीही विकत घेण्याआधी, आहे त्या पेडलांवर दोन नेहमीच्या फेऱ्या मारा आणि घरी आल्यावर तीन गोष्टी लिहून ठेवा: पाय किती वेळा जमिनीला लागला, सायकल हातात धरून किती चाललात, आणि कशावर चाललात.

तिसरी गोष्ट आपल्याकडे सगळ्यात मोलाची. पुण्या-मुंबईकडचे सल्ले गुळगुळीत डांबर आणि टपरीवरचा चहा धरून दिलेले असतात. रेवस-रेडी सागरी मार्गाचा स्वभाव वेगळा. खाडी आली की खाली जेटीपर्यंत उतरा, फेरीबोटीत चढा, पलीकडे उतरा आणि पुन्हा सड्यावर चढा. वेशवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळीकडे हीच तऱ्हा. जेटीचा उतार ओला, त्यावर हिरवं शेवाळ. बोटीची फळी लोखंडी. देवळाकडे जाणारी पाखाडी जांभ्याची, झिजून गोल झालेली. किनाऱ्यालगतच्या खानावळीच्या दारात वाळू.

मी गुहागरहून हेदवी, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे करत आरे-वारेवरून रत्नागिरीला जाताना एकदा मोजलं. एकतीस वेळा पाय खाली. त्यात गुरं आडवी आली म्हणून सहा वेळा आणि कुत्र्यांमुळे चार. चाललो फार नाही, पण जे चाललो ते जवळपास सगळं ओल्यावर.

माझा अनुभवाचा आडाखा असा: एका फेरीत अर्ध्या किलोमीटरहून जास्त चालणं होत असेल, किंवा वाटेत एक जरी जेटी असेल, तर दोन स्क्रूंची पद्धत घ्या (क्लीट बुटाला किती स्क्रूंनी लागते त्यावरून हे नाव, खुलासा टप्पा २ मध्ये). पहाटे निघून महामार्गावर साठ-सत्तर किलोमीटर मारून थेट घरी येत असाल, तरच तीन स्क्रूंचा विचार करा.

टप्पा २: बूट

बूट उलटा करा. तळाला लांबट खाचा आणि त्यात दोन स्क्रूंची जागा असेल तर तो एसपीडी, म्हणजे शिमानो कंपनीच्या दोन स्क्रूंच्या पद्धतीचा. याची क्लीट लहान, लोखंडी आणि रबरी तळाच्या आत दबलेली असते. त्रिकोणात तीन भोकं असतील तर तो रोडचा बूट. त्याची क्लीट मोठी, प्लास्टिकची आणि तळाच्या बाहेर आलेली. त्यावर माणूस बदकासारखा चालतो.

दाभोळच्या जेटीवर मी तसले बूट घालून खटखट करत उतरत होतो तेव्हा तिकीटवाले काका म्हणाले, "पायात नाल ठोकलेत की काय हो?" मी हसून वळलो, आणि पुढच्याच पावलाला शेवाळावर बसलो. सायकल माझ्या अंगावर, हँडलची टेप फाटलेली. नालसुद्धा एखादे वेळी बरे पडले असते.

बूट बघायला संध्याकाळी जा, सायकलिंगला घालता तेच मोजे घालून. दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि उन्हात चार तास पेडल मारल्यावर आणखी. सकाळी नेमका बसलेला बूट दुपारी करंगळी दाबतो. अंगठ्यापुढे थोडी मोकळी जागा हवी, टाच मात्र उचलता कामा नये.

बंद कुठले? फिरवायच्या चकतीचे बूट दिसायला छान, पण चकतीत बारीक वाळू गेली की ती करकरते. किनाऱ्यावर मला साध्या चिकटपट्ट्या (वेल्क्रो) परवडतात. नळाखाली धरल्या की झालं. तळ नायलॉनचा पुरतो. कार्बनच्या तळासाठी जास्तीचे पैसे पहिल्या जोडीत घालू नका.

*तपासून घ्या:* दोन स्क्रूंच्या बुटाला क्लीट लावून तो सपाट लादीवर ठेवा आणि चवड्यावर वजन द्या. टक्कन आवाज आला तर तळाचं रबर पातळ आहे. चार महिन्यांनी ते झिजलं की लोखंड जांभ्यावर घसरेल.

टप्पा ३: क्लीट

पेडलाच्या खोक्यात बहुधा क्लीटची एक जोडी येते, म्हणून लोक इथे विचारच करत नाहीत. खोक्यातली क्लीट आपल्यासाठी योग्य असेलच असं नाही.

एसपीडीत दोन प्रकार लक्षात ठेवा. एसएच-५१ टाच बाजूला फिरवल्यावरच सुटते. एसएच-५६ जास्त दिशांनी सुटते, घाबरून पाय वेडावाकडा ओढला तरी बहुतेक वेळा मोकळा होतो. नवशिक्याने ५६ पासून सुरुवात करावी असं माझं मत. तिचा तोटा चढावर कळतो: उभं राहून जोर लावताना पाय वर खेचला तर ती नको तेव्हा सुटू शकते. सराव झाल्यावर ५१ लावा.

तीन स्क्रूंच्या क्लीटमध्ये रंगांना अर्थ असतो. अडकलेल्या अवस्थेत टाच किती अंश हलू शकते, ते रंग सांगतो. शिमानोच्या एसपीडी-एसएलमध्ये पिवळी ६ अंश, निळी २ अंश, लाल ० अंश. लूक या दुसऱ्या कंपनीच्या किओ पद्धतीत काळी ० अंश, करडी ४.५ अंश, लाल ९ अंश.

लाल रंग पुन्हा वाचा. शिमानोची लाल म्हणजे पाय जखडलेला, लूकची लाल म्हणजे सगळ्यात मोकळा. मित्राने 'लाल घे, गुडघ्याला चांगली' सांगितलं तर त्याची पेडलं कुठल्या कंपनीची, ते आधी विचारा. गुडघ्याला मुभा हवी, म्हणून पहिल्या वर्षी शिमानोत पिवळी, लूकमध्ये लाल किंवा करडी.

*सांभाळा:* लूक आणि शिमानो दोन्हींच्या क्लीट एकाच तीन भोकांच्या बुटाला लागतात, म्हणून त्या एकमेकींच्या पेडलात चालतील असं वाटतं. चालत नाहीत. बूट सामायिक, पेडल नाही.

टप्पा ४: आता पेडल

इथवर आलात तर निवडायला फारसं उरतच नाही. दोन स्क्रूंचा बूट घेतला असेल तर तीन पर्याय.

दोन्ही बाजूंनी अडकणारं, उदाहरणार्थ शिमानो एम-५२०. पाय कसाही ठेवा, अडकतो. आपल्या चढांवर याचा खरा फायदा. खाडीतून वर येताना मध्येच थांबावं लागलं की पुन्हा निघताना पेडल सुलट करत बसायला वेळ नसतो, तेवढ्यात सायकल थांबते आणि तुम्ही आडवे. पहिली जोडी म्हणून मी डोळे झाकून हीच सांगतो.

एक बाजू चपटी, एक बाजू क्लीटची, उदाहरणार्थ ईएच-५००. तीच सायकल घेऊन चपलेवर बाजारात मासळी आणायला जात असाल तर हे बरं. मात्र अडकवताना दर वेळी कुठली बाजू वर आली ते पाहावं लागतं.

एका बाजूचं रोडसाठीचं एसपीडी पेडलही मिळतं. दिसतं देखणं, वजन थोडं कमी. पण उलटी बाजू ना धड चपटी, ना अडकणारी. मी घेणार नाही.

तीन स्क्रूंमध्ये एसपीडी-एसएल आणि लूक किओ, दोन्हींत स्वस्त मॉडेलसुद्धा काम चोख करतं. महागात मुख्यतः वजन आणि बेअरिंग बदलतात. स्पीडप्ले नावाच्या आणखी एका पद्धतीत पकडणारी यंत्रणा पेडलात नसून बुटाच्या क्लीटमध्ये असते. त्यात वाळू आणि चिखल शिरला की ती अडते. वाळूच्या गावात राहणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

*सांभाळा:* पेडलाची किंमत बघून हिशेब करू नका. पेडल, बूट, क्लीटची एक जादा जोडी आणि तीन स्क्रूंची पद्धत असेल तर क्लीटवर चढवायची रबरी टोपणं, हे सगळं मिळून खर्च धरा.

टप्पा ५: पेडल बसवणं

सगळ्यात महाग चूक इथे होते. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. उजवं नेहमीसारखं घड्याळाच्या दिशेने घट्ट होतं, डावं घड्याळाच्या उलट. लक्षात ठेवायची सोपी खूण: सायकलच्या बाहेरच्या बाजूला उभं राहून पाना लावला असेल, तर दोन्ही पेडलं पान्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे फिरवल्यावर घट्ट होतात आणि मागच्या चाकाकडे फिरवल्यावर सुटतात.

काही पेडलांना १५ मिलिमीटरचा पाना लागतो, काहींना दांड्याच्या आतल्या टोकाला ६ किंवा ८ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी किल्ली). ॲलन की क्रँकच्या (पेडल ज्याला लागतं तो हात) आतल्या बाजूने लागते, तिथून पाहताना दिशा उलटी दिसते. घाई करू नका.

१. दोन्ही पेडलांवरची इंग्रजी 'आर' (उजवं) आणि 'एल' (डावं) ही अक्षरं शोधा.

२. क्रँकचे आटे फडक्याने पुसा, पेडलाच्या आट्यांना ग्रीस लावा. पेडलाचा दांडा पोलादी, क्रँक बहुधा ॲल्युमिनियमची. खाऱ्या हवेत ग्रीसशिवाय हे दोन धातू एकमेकांना असे चिकटतात की वर्षाने पेडल काढायला पान्यावर पाय देऊन उभं राहावं लागतं.

३. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या. बोटांनी जात नसेल तर बाजू चुकलीय किंवा आटे तिरके लागलेत. बाहेर काढा, पुन्हा लावा.

४. मगच पाना. शिमानोच्या पेडलांना ३५ ते ५५ न्यूटन मीटर सांगितलेलं आहे. टॉर्क पाना (किती जोर लागला ते सांगणारा) नसेल तर लांब दांड्याच्या पान्याने एका हाताचा चांगला जोर पुरतो.

एका दुकानात मी पोऱ्याला डावं पेडल उजव्यासारखं पिळताना पाहिलंय. क्रँकमधून ॲल्युमिनियमची चमकदार कुरडई बाहेर येत होती. आटे गेले, क्रँक बदलली. पेडल दुकानात बसवून घेणार असाल तरी शेजारी उभे राहा.

टप्पा ६: क्लीट बुटाला लावणं

पायात बूट घाला. बुटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी जे हाड टोकासारखं लागतं, तिथे बाहेरून कागदी टेप चिकटवून तिच्यावर पेनाने खूण करा. करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला दुसरी. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या मधोमध आणा. शंका असेल तर किंचित मागे, टाचेकडे. फार पुढे गेलेली क्लीट पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर ताण आणते. लांबच्या चढावर पोटरीत गोळा आला की आधी हीच जागा बघा.

कोन ठरवायला ओट्यावर असं बसा की पाय गुडघ्यापासून मोकळे लोंबतील. खाली बघा. पावलं सरळ आहेत, बाहेर वळलेली की आत? जशी लोंबतात तशीच क्लीट ठेवा. जबरदस्तीने सरळ करायला जाऊ नका.

स्क्रूंच्या आट्यांना ग्रीस लावा, आळीपाळीने थोडं थोडं पिळा, शेवटी ५ ते ६ न्यूटन मीटर. क्लीटच्या कडेभोवती बारीक पेनाने रेघ मारून ठेवा. पुढे ती हलली किंवा बदलायची झाली तर जागा पुन्हा शोधावी लागत नाही.

एसपीडीच्या काही नव्या बुटांत भोकावर रबराचं झाकण असतं, ते कटरने कापावं लागतं. बुटाच्या आत सुकतळ्याखाली लावायचा चिकट तुकडा सोबत आला असेल तर तो फेकू नका. पावसात पाणी तिथूनच आत येतं.

*तपासून घ्या:* नवे बूट आणि पेडल यांची जाडी आधीपेक्षा वेगळी असते, म्हणून सीटची उंची पुन्हा बघा. टाच पेडलावर ठेवून, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. पुढे गुडघ्याच्या समोर दुखलं तर सीट बहुधा खाली आहे, मागे दुखलं तर बहुधा वर.

टप्पा ७: पकड सैल करणं

पेडलात पकडीचा ताण कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो. नवशिक्याने तो सगळ्यात सैल करायचा. दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या पेडलाला असे दोन स्क्रू असतात, म्हणजे जोडीला चार. लोक वरचे दोन सैल करतात आणि खालचे विसरतात. मग दोनदा पाय सहज सुटतो, तिसऱ्यांदा तो सुटत नाही आणि दोष नशिबाला.

टप्पा ८: सराव, रस्त्यावर जायच्या आधी

१. घराच्या गडग्याला किंवा भिंतीला हात धरून सायकलवर बसा. उजवा पाय अडकवा, सोडा. वीस वेळा. मग डावा, वीस वेळा. मग न बघता.

२. शाळेचं मैदान, सड्यावरचं गवत, अशा मोकळ्या जागी हळू चालवत अडकवा, सोडा, थांबा. क्रम पाठ करा: गिअर हलका, *पाय सोडा*, मग ब्रेक, मग सोडलेल्या बाजूला झुका. पडणारा माणूस ब्रेक आधी लावतो आणि पाय नंतर आठवतो.

३. थांबायच्या वीस-तीस मीटर आधी पाय सुटलेला हवा. गुरं दिसली, वळणावर एसटीचा हॉर्न ऐकू आला, कुत्रं उठलं, की आधी एक पाय मोकळा.

*सांभाळा:* 'पडलो तरी मऊ' म्हणून समुद्राच्या पुळणीवर सराव करू नका. पडाल मऊच, पण वाळू पेडलाच्या स्प्रिंगमध्ये जाईल आणि खारं पाणी चेनमध्ये. एका संध्याकाळची मजा महिनाभर करकरते.

कुठला पाय सोडायचा? आपण रस्त्याच्या डावीकडून जातो, म्हणून डावा, असं सगळे सांगतात. बरोबरच आहे, कारण तोल गेला तर गाड्यांच्या विरुद्ध बाजूला जातो. पण पावसाळ्यानंतर आपल्याकडे डांबराच्या कडेची माती वाहून गेलेली असते आणि साइडपट्टी वीतभर खाली असते. डावा पाय टेकायला जातो आणि खाली जमीनच लागत नाही. तिथून माणूस सरळ गटारात. म्हणून थांबायची जागा आधी हेरा: घराकडे वळणारा फाटा, एसटीचा थांबा, किंवा मोरीचा कठडा, ज्याला हात लावून पाय न सोडताही उभं राहता येतं.

चढावर निघताना एक पाय अडकवून ते पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, दोन्ही ब्रेक धरा, मग जोर देत ब्रेक सोडा. दुसरा पाय लगेच अडकवायची धडपड नको. न अडकवताच दोन-चार फेरे मारा, वेग आला की तो आपोआप बसेल. चढ फार उभा असेल तर थोडं मागे येऊन सपाटीवरून निघा. आरे-वारेच्या चढावर मी अजूनही तेच करतो.

पहिले दोन रविवार फेरीबोटीच्या वाटेला जाऊ नका. गेलातच तर जेटीचा उतार सुरू व्हायच्या आधी उतरा आणि सायकल हातात धरून चाला.

टप्पा ९: वाळू, लाल चिखल, खार

किनाऱ्यावरच्या फेरीनंतर पेडल आणि क्लीटवर गोड्या पाण्याचा मग ओता, फडक्याने पुसा, स्प्रिंगच्या सांध्यावर तेलाचा एक थेंब. इतकंच, पण दर वेळी. बुटातला सुकतळा काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला. उन्हात वाळवत ठेवू नका, डिंक सुटतो.

क्लीटच्या स्क्रूच्या डोक्यातला खड्डा लाल चिखलाने भरतो, तो वाळून दगड होतो. मग ॲलन की अर्धवट बसते आणि खड्ड्याच्या कडा झिजून गोल होतात. त्यावर युक्ती सोपी आहे: क्लीट लावून झाल्यावर खड्ड्यात मेणबत्तीचे दोन थेंब टाका. काढायच्या वेळी टाचणीने मेण उकरलं की आतला लोखंडी षटकोन नवा कोरा.

महिन्यातून एकदा स्क्रू घट्ट आहेत का बघा. सैल झालेल्या क्लीटची खूण अशी की टाच फिरवल्यावर बूट फिरतो, क्लीट मात्र पेडलातच राहते. असं चालत्या सायकलवर झालं तर पाय बुटातून काढूनच थांबावं लागतं, म्हणून चिकटपट्टीचे बूट पुन्हा एकदा बरे. आणि मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत, पेडल आणि क्लीटचे स्क्रू दोन्ही एकदा पूर्ण काढून नव्या ग्रीसने परत लावा. जुलैत काढायला गेलात तर ते तुमचं ऐकणार नाहीत.